जीव अडकलेल्या माणसाभोवती

आमच्या जामखेडच्या बाजूला म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं, अन्नपाणी सुटलं आणि तरी श्वास चालूच राहिला, की म्हणतात, जीव कुणात तरी अडकलाय. मग घरातली एखादी जाणती बाई उशाशी बसून हिशोब लावते, कोण यायचं राहिलंय? भोसरीच्या कंपनीत असलेला धाकटा? वाटणीवरून बोलणं सोडलेला पुतण्या? ऊसतोडीला गेलेली लेक? फोन जातो, ‘आबा शिरेस हायेत, निघून या.’ एवढं ऐकल्यावर कारण विचारायची सोय नसते. सुट्टी मिळो न मिळो, जीप मिळो न मिळो, माणूस निघतो. लग्नाला न आलेले येतात, बारशाला न बोलावलेले येतात. ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहायचं नाही असं ठरवलेलं असतं ते एकाच खाटेच्या दोन बाजूंना उभे राहतात. मग चहा होतो. मग कुणीतरी जुना विषय काढतं.

राजेश मापुसकर यांनी ‘व्हेंटिलेटर’ या चित्रपटात हाच प्रसंग मुंबईच्या अतिदक्षता विभागाबाहेर मांडला. ४ नोव्हेंबर २०१६ रोजी तो प्रदर्शित झाला. प्रियांका चोप्राच्या पर्पल पेबल पिक्चर्सने त्याची निर्मिती केली आणि ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला दिग्दर्शन, संकलन आणि ध्वनिमिश्रण असे तीन सन्मान मिळाले. कोकणातलं कामेरकरांचं मोठं खटलं, त्यातले गजानन कामेरकर हे वडीलधारे अचानक कोसळतात आणि यंत्रावर जातात. गणपती अगदी तोंडावर आलेले असतात. मुलगा प्रसन्न राजकारणात रमलेला, बापाशी त्याचं जमलेलं नाही. ती भूमिका जितेंद्र जोशीने केली आहे. चित्रपट दिग्दर्शक असलेला पुतण्या राजा म्हणजे आशुतोष गोवारीकर, जो स्वतः दिग्दर्शक म्हणून प्रसिद्ध झाल्यावर फार वर्षांनी इथे पुन्हा अभिनेता म्हणून उभा राहिला. त्यांच्याभोवती बहिणी, भाऊ, जावई, भाचे, शेजारी अशी इतकी माणसं आहेत की पहिल्या अर्ध्या तासात नाती लावता लावता प्रेक्षक दमतो. दमू द्यावं. आपल्या घरातल्या कार्याला गेलं तरी असंच होतं, आणि तिथेही जेवणं उरकेपर्यंत सगळं कळलेलं असतं.

ही पुस्तिका हा चित्रपट पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी आहे, त्यातही आमच्या तालुक्यातल्या मुलामुलींसाठी, जी सिनेमा मोठ्या पडद्यावर कमी आणि हातातल्या मोबाइलवर जास्त पाहतात. त्यांनी विचारावं, हा कोकणातल्या माणसांचा आणि मुंबईच्या दवाखान्याचा सिनेमा, आमचं त्यात काय? माझं म्हणणं असं, की या चित्रपटातलं खरं पात्र ते यंत्र आहे, आणि ते यंत्र जे करतं ते आपल्याकडे फार पूर्वीपासून लोकांच्या श्रद्धेत होतं. जीव अडकतो म्हणजे जाणारा माणूस येणाऱ्यांना मुदत देतो. व्हेंटिलेटरही बरं करत नाही, तो मुदत देतो. त्या मुदतीत घर काय करतं, एवढीच या सिनेमाची गोष्ट आहे.

यंत्राचं काम नीट समजून घेतलं तर सिनेमा अधिक कळतो. ज्याची फुफ्फुसं स्वतःच्या बळावर पुरेशी हवा घेऊ शकत नाहीत त्याच्या छातीत हे यंत्र ठरावीक दाबाने, ठरावीक वेळाने हवा ढकलतं. त्यासाठी तोंडातून एक नळी श्वासनलिकेत घालावी लागते. ती स्वरतंतूंच्या मधून खाली जाते, त्यामुळे रोग्याला बोलता येत नाही. नळी सहन व्हावी म्हणून बहुतेक वेळा त्याला गुंगीची औषधंही देतात. मूळ दुखणं बरं व्हायचं असेल तर ते औषधाने आणि शरीराच्या ताकदीने व्हायचं, यंत्र फक्त तोवर दार धरून ठेवतं. म्हणजे ज्याच्यासाठी सगळे जमले तोच एक माणूस गप्प, आणि बाकी सगळे बोलणारे.

मला हा चित्रपट याच ठिकाणी मोठा वाटतो. २०१६च्याच मार्चमध्ये शकुन बत्रा यांचा ‘कपूर अँड सन्स’ आला होता. कुन्नूरचं घर, नव्वदीचे आजोबा, हृदयविकाराचा झटका, आजोबांना पाहायला परदेशातून आलेले दोन नातू आणि आतून पोखरलेला संसार. ऋषी कपूर यांचे ते आजोबा मिश्कील आहेत, मरण्याची रंगीत तालीम करतात, आणि सगळ्या कुटुंबाचा एक फोटो निघावा एवढी एक इच्छा धरून बसतात. तो फोटो काढायला माणसं उभी राहतात तेव्हाच सगळं फाटतं. फार चांगला चित्रपट आहे. पण तिथे आजोबा बोलतात, हट्ट करतात, घराला दिशा देतात. कामेरकरांकडे तसं कुणी नाही. जो तो आपापला गजानन कामेरकर सांगतो. एकाला मदत करणारा आठवतो, दुसऱ्याला रागावणारा, तिसऱ्याला नुसता खोलीत बसून राहणारा. काचेपलीकडचा माणूस त्यातलं काहीच कबूल करत नाही, नाकारतही नाही. त्या आठवणींतून एक माणूस हळूहळू तयार होत जातो आणि मुलाला कळतं की आपल्याला ठाऊक असलेला बाप हा त्यातला एक तुकडाच होता.

आता गणपतींविषयी. चित्रपटातलं बरंचसं हसू या प्रश्नातून येतं की गजाननकाका गणपतीआधी गेले तर सुतक लागेल आणि मग घरच्या गणपतीचं काय? शहरात वाढलेल्या काहींना हा प्रश्न स्वार्थी वाटतो. तो तसा नाही. कोकणातल्या माणसाचं वर्ष गणपतीपाशी येऊन थांबतं. मुंबईची नोकरी, साठवलेली रजा, गाडीचं आरक्षण, गावच्या घराची डागडुजी, सगळं त्या दिवसांसाठी. आमच्याकडे महालक्ष्म्यांचं तेच. तीन दिवसांच्या त्या लक्ष्म्यांसाठी सासुरवाशिणी महिनाभर आधीपासून फराळाची जुळवाजुळव करतात, मुखवटे घासतात, आणि भावकीत कुणाचं काही झालं तर मांडलेलं सगळं जागच्या जागी थांबतं. त्या दिवसांत एखादा आजोबा अत्यवस्थ असला की घरातली म्हातारी हळूच म्हणते, ‘एवढं सण होऊंद्या.’ ती देवाकडे त्याचं मरण मागत नसते, त्याला थोडं आयुष्यच मागत असते. दोन निष्ठा एकाच दिवशी समोरासमोर आल्या की माणूस काहीतरी विचित्र बोलून जातो. मापुसकरांनी ते विचित्र बोलणं प्रेमाने टिपलं आहे. त्यांच्या आधीच्या ‘फेरारी की सवारी’तही (२०१२) एका छताखालच्या आजोबा, बाप आणि नातवाची गोष्ट होती. घरातल्या माणसांवर हसताना त्यांना लहान करायचं नाही, ही शिस्त त्यांना तेव्हापासून आहे.

मरणाच्या दारात हसणं मराठीला नवं नाही. या चित्रपटात कामेरकरांच्या घरातले एक ज्येष्ठ, राजाचे वडील, सतीश आळेकर यांनी उभे केले आहेत. हे तेच आळेकर ज्यांचं ‘महानिर्वाण’ १९७४ साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने रंगमंचावर आणलं. त्या नाटकात भाऊराव मेलेले आहेत आणि कीर्तनकारासारखे उभे राहून बोलतात. जुन्याच स्मशानात जाळावं हा त्यांचा आग्रह, त्यापायी मुलाची फरफट, चाळीची लगबग. पन्नास वर्षं होऊन गेली तरी त्या नाटकाची धार गेलेली नाही. ‘व्हेंटिलेटर’मध्ये आळेकर शांतपणे बसलेले दिसतात तेव्हा ज्यांना हा दुवा ठाऊक आहे त्यांना त्या बसण्याला एक वेगळं वजन जाणवेल. योगायोग असा, की ज्या वर्षीच्या चित्रपटांसाठी मापुसकरांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्याच वर्षी उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान ‘दशक्रिया’ला मिळाला, पैठणच्या घाटावरच्या मरणोत्तर विधींची गोष्ट. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ही इथे आठवतं. तिथे तात्याजी गेलेले असतात, मुंबईचा मुलगा बायकोसह येतो, तेराव्याच्या खर्चावरून घर चिरत जातं, आणि आतल्या खोलीत दादी उरलेली असते. तिला काळाचं भान नाही, पण वाड्यातली सर्वांत जुनी श्वास घेणारी गोष्ट तीच. आपल्या नाटक-सिनेमावाल्यांनी हे फार पूर्वी ओळखलं आहे की आपली माणसं एरवी खरं बोलत नाहीत. कुणीतरी जायला टेकलं की बोलतात.

प्रसन्न आणि त्याच्या बापाच्या प्रकरणाला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. बाप आणि मुलगा यांच्यात प्रेम नाही असं नाही, बोलायची रीतच नाही. आमच्या गावागावांत असे बाप आहेत. मुलगा दहावी पास झाला तर ते त्याच्या आईला सांगतात, ‘पोरगं बरं निघालं म्हणावं.’ मुलगाही पहिला पगार आईच्या हातात ठेवतो आणि आई तो बापाला दाखवते. हे असं तीस-चाळीस वर्षं चालतं आणि मग एक दिवस दवाखान्यात मुलाला बापाला धरून बसवावं लागतं. सरकारी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात कधी सकाळी जाऊन पाहा. चाळिशीचा एखादा गडी बापाचा हात मांडीवर घेऊन ब्लेडने त्याची नखं काढत असतो. अंगठ्याचं नख जुनं, जाड, मातीने काळं पडलेलं. ते ओलं करावं लागतं, म्हणून तो तांब्यातलं पाणी बोटांनी लावतो. दोघंही एकमेकांकडे बघत नाहीत. नखं काढून झाली की तो ती कागदात गुंडाळून खिशात टाकतो, कारण दवाखान्यात टाकायची कुठे? बापाचा हात मोठेपणी हातात घेण्याची ती बहुधा त्याची पहिलीच वेळ असते. जितेंद्र जोशीचा प्रसन्न पाहताना मला असे हात आठवतात. तो रागावतो, पळतो, फोनवर बोलत राहतो, पण यंत्राने दिलेली मुदत संपत आली की त्याला त्या खोलीत जावंच लागतं. पुढे काय होतं ते इथे सांगत नाही.

ठरवायचं कुणी, हा त्याच्या पुढचा प्रश्न. चित्रपट आला तेव्हा कायद्याची स्थिती काय होती हे मुलांना माहीत असायला हवं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली अमानुष हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. त्यांना मरण येऊ द्यावं यासाठी पिंकी विराणी यांनी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली, पण त्याच निकालात उपचार थांबवण्याची वाट काही अटींवर उघडली आणि प्रत्येक वेळी उच्च न्यायालयाची परवानगी बंधनकारक केली. त्या निकालातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. अरुणाबाईंच्या बाजूने बोलण्याचा खरा हक्क कुणाचा, तर इतकी वर्षं त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असं न्यायालयाने मानलं. परिचारिका त्यांना जगवू पाहत होत्या. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाबाई गेल्या, तोवर बेचाळीस वर्षं होत आली होती. पुढे ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि शुद्धीत असताना माणसाने आपली इच्छा लिहून ठेवण्याची मुभा दिली. २०२३च्या जानेवारीत त्यातली अवघड कलमं सोपी झाली, आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोरचा कागद पुरतो. कामेरकरांचा चित्रपट २०११ आणि २०१८च्या निकालांच्या मधल्या काळातला आहे. त्यांच्याकडे असा कागद नाही. आपल्यापैकी किती घरांत तो असेल? आजोबांसमोर हा विषय काढणं अभद्र मानतात, म्हणून तो निघत नाही, आणि मग रात्री अडीच वाजता एखाद्या तरुण डॉक्टरने पुढे केलेल्या कागदावर, काय लिहिलंय ते न वाचता, थोरला मुलगा सही करतो.

डॉक्टरचं बोलणं घराला समजणं याला जामखेडमध्ये एक मोठा इतिहास आहे, आणि तो मुलांना सिनेमाच्या निमित्ताने सांगावासा वाटतो. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं १९७० साली इथे आलं आणि त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. गावोगावच्या बायका, त्यांतल्या अनेक अक्षरओळख नसलेल्या, अनेक दलित, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. बाळंतपण, जुलाब, क्षय, कुष्ठरोग यांविषयी त्या बायका आपल्या वस्तीवर आपल्या भाषेत बोलायच्या. १९७९ साली या दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले. मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ साली. त्यांच्या कामाचा गाभा असा होता की आजाराचं ज्ञान दवाखान्यात कोंडून ठेवायचं नाही, ते घरात पोचलं पाहिजे. अतिदक्षता विभागाचं काचेचं दार नेमकं याच्या उलट आहे. तिथे ज्ञान आत आणि घर बाहेर. कामेरकरांचं सगळं गणगोत त्या दाराबाहेर तिष्ठत असतं आणि आतून येणारा प्रत्येक शब्द प्रत्येकजण आपापल्या भीतीनुसार समजून घेतो. त्या बाहेरच्या बाकावर जर आमच्या एखाद्या आरोग्यसेविकेसारखी बाई बसलेली असती तर तिने यंत्र काय करतं आणि काय करत नाही हे दोन वाक्यांत सांगितलं असतं, आणि निम्मा गोंधळ तिथेच मिटला असता.

चित्रपट आल्यानंतर चार वर्षांनी करोना आला आणि ‘व्हेंटिलेटर’ हा शब्द वाडीवस्तीवरच्या आज्यांच्याही तोंडी बसला. त्या दोन वर्षांत माणसं गेली ती कुणालाही न भेटता. जीव कुणात अडकला असेल तर त्या माणसाला येऊ दिलं नाही. खाटेभोवती जमणं, भांडणं, रडणं, चहा पिणं, हे सगळं एकाएकी बंद झालं. म्हणून आज हा चित्रपट पाहताना त्यातल्या गर्दीचा मला कंटाळा येत नाही. वऱ्हांडा अडवून बसलेले ते नातेवाईक, त्यांचे डबे, त्यांच्या पिशव्या, मोठ्याने चाललेली त्यांची कुजबुज, हे किती मोलाचं होतं ते आता कळतं. ज्या घरांना २०२१ साली आपलं माणूस लांबूनच पाहावं लागलं त्यांनी हा सिनेमा सोबत कुणालातरी घेऊन पाहावा.

तरीही त्यात दोन गोष्टींची उणीव मला जाणवते. पहिली पैशाची. यंत्राचा प्रत्येक दिवस विकत घ्यावा लागतो. जामखेडहून अहिल्यानगर सुमारे ७५ किलोमीटर, पुणं त्याहून कितीतरी लांब. तिथे नेल्यावर अनामत रक्कम, औषधांच्या चिठ्ठ्या, राहायची सोय. इथे मुदत किती हवी याचं उत्तर अनेकदा सोसायटीचं कर्ज आणि दावणीची म्हैस मिळून देतात. ‘घरी न्या आता’ हे वाक्य आमच्याकडे कितीतरी वेळा पैसा संपल्याचं असतं, आणि घरचे ते आयुष्यभर मनाला लावून घेतात. कामेरकरांना हा घोर फारसा नाही.

दुसरी उणीव सुनांची. दिग्दर्शकाचं मन बाप-मुलात गुंतलं आहे, ते समजू शकतं. पण अंथरुणावरच्या माणसाला कुशीवर वळवणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पावडर लावणं, पेज भरवणं, कपडे बदलणं, हे कोण करतं? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘अस्तु’मध्ये हे पाहिलं होतं. मोहन आगाशेंचे ते विद्वान आजोबा सगळं विसरून एका हत्तीमागे निघून जातात आणि त्यांना आईच्या मायेने सांभाळते ती माहुताची बायको. अमृता सुभाषला त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. मुलगी बापाला शोधत राहते आणि सेवा करणारी बाई त्याची कुणीच नसते, हे त्या चित्रपटाने विनातक्रार दाखवलं.

आमच्या तालुक्यात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोच्या जोड्या, ज्यांना एक कोयता म्हणतात, मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे निघून जातात. मागे गावात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी नातवंडं राहतात. म्हणजे इथे नातवंडं आजोबांना भेटायला येत नाहीत, ती आजोबांपाशीच असतात. आजोबा आजारी पडले तर भाकरी करणारी, गोळ्या देणारी, रात्री उठून पाणी पाजणारी ही दहा-बारा वर्षांची नात असते. फोन तीच करते. पलीकडे फडात आई-बाप फोन धरून उभे असतात, उचल फिटलेली नसते, मुकादम सोडायला तयार नसतो, हंगाम संपून पट्टा पडायला दोन महिने असतात. त्या घरातला जीव कुणात अडकतो आणि तो सुटायला कोण, कसं पोचतं, याचा चित्रपट मला पाहायचा आहे. त्यात हसूही असेल, कारण अशी नात आजोबांना दटावते कशी ते ज्याने ऐकलंय त्याला ते ठाऊक आहे: ‘गप पडा की आबा, आई आल्यावर मला बोलंल.’

हे अशक्य नाही. शेजारच्या करमाळा तालुक्यातून आलेल्या नागराज मंजुळे यांनी आपल्या मातीतल्या पोरांना घेऊन ‘फँड्री’ केला, ‘सैराट’ केला. आपल्याच जिल्ह्यातल्या श्रीगोंदा तालुक्याचे भाऊराव कऱ्हाडे यांनी मेंढपाळांचा ‘ख्वाडा’ करून राष्ट्रीय पुरस्कार आणला. हा चित्रपट पाहून झाल्यावर जामखेडच्या, खर्ड्याच्या, नान्नजच्या मुलामुलींनी आपापल्या घरातल्या एका आजारपणाची गोष्ट लिहून काढावी. कोण आधी आलं, कोण आलंच नाही, चहा कुणी केला, सही कुणी केली, पैसे कुणी दिले आणि कुणाकडून घेतले, पाणी मुखात कुणी घातलं, एवढं लिहिलं तरी पुरे. नावं बदलली तरी चालतील. फोन कुणी केला, ते मात्र लिहावं.